लांब नळ्यांची जुनी दुनळी: शिक्का एक सांगतो, माप दुसरंच

जुन्या दुनळी बंदुकीत आजचं काडतूस कुठंही न अडकता बसलं की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. बसलं म्हणजे चालतं, असं आपण धरून चालतो, आणि नेमकी इथंच फसगत होते. ७० मिलिमीटर म्हणून विकलं जाणारं काडतूस हातात असताना ७० मिलिमीटर नसतं. ती लांबी उडाल्यानंतरची असते, तोंडाची घडी उलगडून कवच सरळ झाल्यावरची. न उडालेलं काडतूस त्याहून साधारण एक सेंटिमीटर आखूड असतं. म्हणून ६५ मिलिमीटरच्या, म्हणजे जुन्या अडीच इंची चेंबरमध्येही (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) ते बिनबोभाट शिरतं. बार होताना मात्र त्याच्या तोंडाची घडी चेंबरपुढच्या निमुळत्या भागात उघडते, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. बाहेरून काहीच कळत नाही. असे कित्येक बार निघूनही जातात. पण प्रत्येक बार नळीच्या पोलादाला आणि बिजागरीला थोडा थोडा थकवत असतो.

ही झाली जशी बनली तशीच राहिलेल्या बंदुकीची गोष्ट. इथं विषय आहे तो मध्ये कोणीतरी हात घातलेल्या बंदुकीचा: ३२ किंवा ३४ इंचांच्या लांब नळ्या, शंभरेक वर्षांचं वय आणि वाटेत कुठंतरी झालेले बदल. कोणी चेंबर पुढं वाढवलं असेल, कोणी आतून गंजाचे खड्डे घासून काढले असतील, कोणी चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी आतून ठेवलेला आवळ, मोकळा केला असेल. यातल्या बहुतेकांनी मागं एक चिठ्ठीही ठेवलेली नसते. अशी बंदूक हाती आली की दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. बनली तेव्हा ती काय होती? आणि आज ती काय आहे? पहिल्याचं उत्तर शिक्क्यांत आणि कारखान्याच्या वह्यांत मिळतं, दुसऱ्याचं फक्त मोजमापात. या दोन उत्तरांत जो फरक पडतो, तो म्हणजे मधल्या काळात बंदुकीचं काय काय झालं त्याचा हिशेब. बार काढायचा की नाही हे मात्र दुसऱ्या उत्तरावरच ठरतं. पहिलं उत्तर कितीही मानाचं असलं तरी त्याच्या भरवशावर चाप ओढू नये.

सुरुवात नळ्या उतरवून करायची. त्याआधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानंही चाचपायचं. पुढचा लाकडी भाग काढला की नळ्या वेगळ्या होतात. त्या उलट्या केल्या की चेंबरखाली जी सपाट जागा दिसते, तिथं बंदुकीची जन्मपत्रिका कोरलेली असते.

बंदूक इंग्लंडची असेल तर शिक्के लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे असतात. तिथं नळीत नेहमीपेक्षा जबर भार भरून बार काढतात, आणि नळी टिकली तरच शिक्का मारतात. या शिक्क्यांचे नियम वेळोवेळी बदलले, आणि तपास करणाऱ्याला तेच उपयोगी पडतं. ‘नॉट फॉर बॉल’ ही अक्षरं असतील तर नळीला पहिल्यापासून चोक होता आणि शिक्का १८७५ ते १८८७ च्या दरम्यानचा आहे. नुसतं ‘चोक’ असेल तर १८८७ नंतरचा. चौकटीच्या हिऱ्यात ‘सी’ अक्षर आणि वर १२ म्हणजे १२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा) साधं चेंबर. हिऱ्यात ‘एलसी’ असेल तर चेंबर जन्मापासूनच तीन इंची किंवा त्याहून लांब. १९०४ च्या नियमांपासून दिसणारं ‘एनपी’ म्हणजे बिनधुराच्या दारूवर घेतलेली परीक्षा. ही अक्षरं बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात मुकुटाखाली असतात, लंडनच्यात तलवार धरलेल्या चिलखती हाताखाली. १९२५ पासून चेंबरची लांबी थेट इंचांत कोरू लागले, आणि १९५४ पासून नळीचा आतला व्यास दशांशात.

बेल्जियममधल्या लिएजच्या बंदुकांवर लंबगोलात ‘ईएलजी’ आणि खाली तारा असतो. बिनधुराच्या दारूसाठी सिंहाखाली ‘पीव्ही’ अक्षरं असतात. जर्मन बंदुकांवर १८९१ च्या कायद्यानंतर मुकुटाखाली ‘यू’ असतं, आणि चोक असेल तर ‘डब्ल्यू’. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस ही व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे तिथल्या बंदुकीचा शोध अनुक्रमांकावरून घ्यावा लागतो. पार्कर या बंदूक कारखान्याच्या जुन्या वह्या टिकून आहेत आणि संग्राहकांची संघटना त्यांच्या आधारे माहितीचं पत्र देते. एल. सी. स्मिथच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्यूझियममध्ये आहेत. इंग्लंडमध्ये पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडसारखी घराणी आपल्या वह्या अजून सांभाळून आहेत. अशा नोंदीत नळ्यांची मूळ लांबी, चोक, वजन आणि दस्त्याची मापं मिळू शकतात. जिच्यात काही बदल झाल्याचा संशय आहे त्या बंदुकीसाठी असं एक पान लाखमोलाचं. पार्करच्या नळ्यांखाली तर घडाईआधीच्या नळ्यांचं वजनही पौंड-औंसांत ठोकलेलं असतं.

नावावर मात्र फार विसंबू नये. प्रसिद्ध घराण्याच्या नावात एखादं अक्षर फिरवून त्या काळी ढिगानं बंदुका विकल्या गेल्या. नावापेक्षा आकडे बघावेत: नळ्यांवरचा, ॲक्शनवरचा (नळ्या ज्यात बसतात त्या मधल्या लोखंडी भागावरचा) आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावरचा क्रमांक एकच आहे का? नसेल तर लांब नळ्या दुसऱ्याच बंदुकीच्या असू शकतात.

आता लांबीचं. काळ्या दारूच्या काळात लांब नळीला थोडा अर्थ होता. बिनधुराच्या दारूचं बहुतेक काम नळीच्या पहिल्या काही इंचांतच उरकतं. २६ इंचांपुढं प्रत्येक वाढीव इंचाला छर्ऱ्यांचा वेग सेकंदाला फार तर काही फुटांनी वाढतो. रॉबर्ट चर्चिल या लंडनच्या बंदूककारानं २५ इंची नळ्यांचा जोरदार पुरस्कार केला, आणि त्या बंदुकांनी पक्षी पडतच होते. तरीही पाणपक्ष्यांसाठी आणि नेमबाजीच्या स्पर्धांसाठी लोक ३२ इंच आणि त्याहून लांब नळ्या मुद्दाम सांगून करून घेत. लांब नळी सावकाश आणि एकसारखी फिरते, उडत्या लक्ष्याबरोबर ओघात जाते, आणि नेम धरायला रेषा लांब मिळते. म्हणजे ही लांबी वेगासाठी नाही, हाताच्या चालीसाठी.

लांब नळ्या मूळच्याच आहेत की नंतर आल्या, हे कसं ओळखायचं? दुनळीच्या नळ्या मागं दूर असतात आणि पुढं जवळ येत येत तोंडाशी जवळपास टेकतात. तोंडाशी त्यांच्यात ठळक फट असेल आणि ती डाखानं बुजवलेली असेल, तर पुढचा तुकडा कापला गेलाय. चोक तोंडालगतच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत असतो, त्यामुळे कापलेल्या नळीत तो उरत नाही. मग कोणी कोणी तोंडामागं आतून खळगा कोरून चोकचा आभास तयार करतात, आणि तिथं नळीची भिंत पातळ होऊन बसते. ३० इंच ही नळी लांब दिसते खरी, पण ती ३४ ची कापून ३० झालेली असू शकते. उलटा प्रकारही असतो. जुन्या नळ्या चेंबरच्या थोड्या पुढं कापून त्यात नवी पोलादी नळी बसवतात. याला स्लीव्हिंग म्हणतात. ब्रिटिश नियमानं तशा नळीवर ‘स्लीव्ह्ड’ असं कोरावं लागतं आणि परीक्षा नव्यानं द्यावी लागते. चेंबरच्या काही इंच पुढं नळीभोवती केसासारखी बारीक रेघ दिसली तर हे काम झालंय असं समजावं. चांगल्या हातानं झालेलं आणि पुन्हा प्रूफ झालेलं स्लीव्हिंग ही वाईट गोष्ट नाही. माझ्या मते बदललेल्या बंदुकांत तीच सगळ्यात प्रामाणिक, कारण ती झालेला बदल अंगावर लिहून दाखवते.

एक खूण फारशी कोणी बघत नाही: रंग. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली रिब, म्हणजे त्यांना जोडणारी लांब पट्टी, हे सगळं शिसं-कथलाच्या डाखानं जोडलेलं असतं. म्हणून अशा नळ्यांना सावकाश गंज चढवून, तो पुन्हा पुन्हा घासून काळा रंग देतात. आजच्या बंदुकांना उकळत्या क्षारांत बुडवून जो चकचकीत निळा-काळा रंग देतात, तो दुनळीला दिला तर क्षार डाख खातात आणि रिबखाली शिरून आतून कुरतडत राहतात. जुन्या दुनळीवर आरशासारखा नवा निळा रंग दिसला तर मी आधी सावध होतो. नळ्या त्यांच्या खालच्या हुकाला दोरीनं टांगून लाकडानं हलकेच टिचकी मारावी. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर डाख शाबूत आहे. बद्द किंवा झणझणता आवाज आला तर रिब कुठंतरी सुटलीय.

मग येतं खरं मोजमाप, आणि इथं घाई करून चालत नाही. अंदाज, बोट किंवा साधं व्हर्नियर कॅलिपर इथं पुरत नाही. नळीच्या आत खोलवर जाणारा बोअर गेज, भिंतीची जाडी मोजणारा लांब दांड्याचा गेज आणि चेंबर गेज लागतो. हे जुन्या दुनळ्यांची सवय असलेल्या गनस्मिथकडे असतं. फक्त नव्या बंदुका हाताळणारा कारागीर कितीही हुशार असला तरी या कामाला पुरा पडेलच असं नाही.

पहिलं माप आतल्या व्यासाचं. बोअरचा आकडा म्हणजे त्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड होतात ती संख्या. १२ म्हणजे ०.७२९ इंच, १३ म्हणजे ०.७१०, आणि मधल्या मापाला ‘१३/१’ लिहीत, म्हणजे ०.७१९. जुने शिक्के हे माप मागच्या टोकापासून ९ इंचांवर घेत. शिक्का किमान माप सांगतो: ‘१३’ कोरलंय याचा अर्थ नळी त्या दिवशी ०.७१० होती किंवा पुढच्या मापाच्या आत कुठंतरी होती. आज तिथंच ०.७२५ भरलं तर कोणीतरी आतून धातू काढलाय, आणि नळी आता तिच्या शिक्क्याच्या हद्दीबाहेर आहे. दशांशातले शिक्के असतील तर १९५४ च्या नियमांत १० थाऊ, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग वाढला की नळी ‘आउट ऑफ प्रूफ’. ब्रिटनमध्ये अशी बंदूक पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय विकणं गुन्हा आहे.

आरशासारखी चमकणारी नळी पाहून म्हणूनच हुरळून जाऊ नये. शंभर वर्षांच्या नळीत एकही खड्डा नसेल तर ती फार जपली गेली असेल, किंवा फार घासली गेली असेल. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

दुसरं माप भिंतीच्या जाडीचं. माझ्या दृष्टीनं यावर सगळं उभं आहे. २० थाऊ हा आकडा तुम्ही ऐकाल. नळीच्या पुढच्या, सगळ्यात पातळ भागात एवढी भिंत तरी हवी, असा जुन्या कारागिरांचा संकेत आहे. तो कायदा नाही, आणि मुख्य म्हणजे तो संपूर्ण नळीला लागू नाही. बार झाल्यावर दाबाचा कळस चेंबरमध्ये आणि त्यापुढच्या एक-दोन इंचांत असतो, तिथून तो झपाट्यानं उतरतो. म्हणून चेंबरपाशी भिंत जाड असते आणि पुढं पातळ होत जाते. तोंडाकडं २२ थाऊ भरणारी नळी कदाचित ठीक असेल, तोच आकडा चेंबरपुढं चार इंचांवर आला तर बंदूक भिंतीवर टांगायची. शिवाय एका जागी एकच माप घेऊन भागत नाही. आतलं भोक मध्यापासून सरकलेलं असेल तर एका बाजूला ३० आणि समोरच्या बाजूला १८ असं निघू शकतं, आणि नळी फुटते ती १८ च्या बाजूनं.

आता चेंबर वाढवण्यातला धोका नीट कळेल. अडीच इंची चेंबर पावणेतीनचं करताना धातू काढला जातो तो बरोबर दाबाच्या कळसाच्या जागेवरून. बाहेरून नळी तिथं आधीच निमुळती होऊ लागलेली असते. म्हणजे एकाच जागी आतून कोरलं आणि बाहेरून उतार. लांब नळीच्या जड बंदुकीत तिथं भरपूर धातू असला तर हे चालूनही जातं. हलक्या बंदुकीत चालत नाही. हिऱ्यात नुसतं ‘सी’ आहे आणि चेंबर गेज तीन इंच दाखवतोय, म्हणजे कोणीतरी मागाहून कोरलंय. ‘एलसी’ असेल आणि तीन इंच भरलं तर ते जन्माचं.

डमास्कस नळ्यांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात: एक म्हणतात, त्या बॉम्बच, दुसरे म्हणतात, त्याला काही होत नाही. या नळ्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेल्या असतात. चांगल्या हातची नळी मजबूत असते. पण ती जोडलेली असते, आणि सांध्यांत राहिलेला मळ किंवा आतल्या आत धरलेला गंज गेजला दिसत नाही. म्हणून अशा नळीवर आधुनिक दारूचा शिक्का नसेल तर ती काळ्या दारूपुरतीच धरावी, आणि तीही तज्ज्ञानं हो म्हटल्यावर. नळ्या काळ्या रंगवून डमास्कसची नक्षी लपवल्याची उदाहरणं आहेत, तशीच साध्या पोलादावर खोटी नक्षी उमटवल्याचीही. पुढच्या लाकडाखालच्या झाकलेल्या जागेत खरं काय ते दिसतं.

काडतुसाकडं येऊ. इथं एक गैरसमज इतका पक्का बसलाय की त्यावर थांबायलाच हवं: धक्का कमी म्हणजे दाब कमी. तसं नाही. खांद्याला बसणारा धक्का ठरतो तो तोंडातून एकूण किती वजन किती वेगानं बाहेर पडलं यावर. नळीवरचा सर्वोच्च दाब ठरतो तो दारू पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये किती चटकन जळली यावर. २४ ग्रॅम छर्ऱ्यांचं, भरभर जळणाऱ्या दारूचं काडतूस खांद्याला मऊ लागेल आणि तरी नळीवर ३२ ग्रॅमच्या सावकाश जळणाऱ्या काडतुसाइतकाच दाब टाकेल. धक्का लाकडाला आणि खांद्याला सोसावा लागतो, दाब नळीला. जुन्या दुनळीत दोन्ही कमी हवेत, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात. लाकूड दस्त्याच्या मनगटापाशी आणि ॲक्शनला टेकतं तिथं आधी तडकतं.

दाबाचे आकडे वाचताना एकक पाहावं. युरोपच्या सीआयपी मानकात १२ बोअरच्या साध्या काडतुसाचा कमाल सरासरी दाब ७४० बार (इथं बार हे दाबाचं एकक) आहे, अमेरिकेच्या सामी मानकात पावणेतीन इंची काडतुसाला ११,५०० पीएसआय. जुन्या इंग्रजी शिक्क्यावरचे ‘३ टन’ (चौरस इंचाला) तांब्या-शिशाचा तुकडा चेपून मोजलेले असतात, आणि ती पद्धत आजच्या विद्युत मापनापेक्षा कमी दाखवते. त्यामुळे टनांचे बार करणारी गणितं कागदावर जुळली तरी नळीला लागू पडत नाहीत. सोपा रस्ता असा: चेंबरच्या मापाचं, जुन्या बंदुकांसाठी म्हणून बनवलेलं, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं काडतूस घ्यायचं. छर्रे शिशाचे किंवा बिस्मथसारख्या मऊ पर्यायाचे. पोलादी छर्रे नाहीत. ते पातळ नळीला ओरबाडतात आणि घट्ट चोकपाशी फुगवटा आणतात.

आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून: १२ बोअरच्या बंदुकीजवळ २० बोअरचं काडतूस असताच कामा नये. ते चेंबरमधून घसरून पुढं अडकतं, मागून १२ चं बसतं, आणि बार झाला की धडधाकट नळीसुद्धा फाटते.

नळ्या पास झाल्या तरी कुलूप-किल्ली तपासायची असते. पुढचं लाकूड काढून, बंद बंदुकीच्या नळ्या धरून हलवाव्यात. खडखड किंवा उजेडाची रेघ दिसली तर बिजागरी झिजली आहे. वरचा खटका बंद अवस्थेत मध्यापेक्षा जरा उजवीकडं असेल तर झीज कमी, डावीकडं गेला असेल तर बरीच. रिकाम्या बंदुकीत नकली काडतुसं घालून, दोन्ही घोडे चढवून, दस्ता रबराच्या पट्टीवर आपटून पाहावा. घोडा आपोआप पडला तर तिथंच थांबायचं. बहुतेक दुनळ्यांची सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही.

बंदूक टायरला बांधून दुरून दोरीनं चाप ओढण्याची जुनी पद्धत आहे. आडोसा म्हणून पहिल्या बारांना ती वापरायला हरकत नाही, पण तिनं काही सिद्ध होत नाही. ‘जबर काडतूस टाकून बघू, टिकली तर टिकली’ हा विचार तर घातकच. टिकलेल्या नळीतही न दिसणारी इजा झालेली असू शकते, आणि ती पुढच्या एखाद्या साध्या बाराला उघडी पडते. प्रूफ हाउस बारानंतर नळी पुन्हा मोजतं. त्यांच्या कामाला किंमत आहे ती त्या मोजण्यामुळे.

परवाना आणि कायदा यांची चौकशी आधीच केलेली असावी, मग मैदानावर जायचं. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, पाठीमागं-बाजूला कोणी नाही. एका वेळी एकच काडतूस, एकाच नळीत. दुनळीत आधाराचा हात नळ्यांखालीच, चेंबरच्या थोडा पुढं असतो. म्हणूनच ती जागा मोजल्याशिवाय हात तिथं ठेवायचा नाही. प्रत्येक बारानंतर उघडून नळीतून आरपार पाहायचं. आवाज फुसका आला तर काडतुसातलं, दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच आत अडकलंय असंच धरायचं. रिकाम्या काडतुसाचं तोंड बघायचं: ते कातरलेलं, विरलेलं किंवा ताणून लांबलेलं असेल तर चेंबर तुमच्या समजापेक्षा आखूड आहे. नळी उजेडाकडं धरल्यावर आत काळं कडं दिसलं तर तिथं फुगवटा आलाय.

दोन्ही नळ्यांचे दहा-दहा बार झाले की पुन्हा गनस्मिथकडं, पुन्हा तीच मापं, त्याच जागी. आकडे हलले नसतील तर पुढं. हलले असतील, किंवा तज्ज्ञानं पहिल्या दिवशीच नको म्हटलं असेल, तर एक छोटं काम उरतं. जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर चेंबरची लांबी, दोन्ही नळ्यांचे व्यास, सगळ्यात पातळ भिंतीचं माप आणि जागा, तपासल्याची तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत ‘बार काढू नये’. चिठ्ठी चापाच्या कड्याला घट्ट बांधायची, आणि बंदूक कपाटात.